मुलाची दातांच्या डॉक्टरांशी पहिली भेट



या व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय विचारला, तेव्हा मी सांगितले, "लहान मुलाला पहिल्यांदा दातांच्या डॉक्टरकडे कसे न्यावे." चिटणीस क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "डॉक्टर, तासभर पुरेल ना हा विषय?" त्यांची शंका रास्त होती. वसंत व्याख्यानमाला म्हटली की इतिहास, संतवाङ्मय, शेती, अर्थकारण असे भारदस्त विषय डोळ्यांपुढे येतात. त्यांच्या पंक्तीला दुधाचे दात बसवणे म्हणजे थोडे धाडसच. परंतु तीसपस्तीस वर्षे लोकांच्या तोंडात डोकावल्यावर माझी खात्री झाली आहे की, हा विषय केवळ दातांचा नाही. मूल आपल्यावर विश्वास ठेवते, त्या विश्वासाचे आपण काय करतो, असा हा प्रश्न आहे. म्हणून थोडा वेळ मागून घेतो.

प्रारंभ आपल्या शेजारापासून करू. वडगाव रासाईच्या पंचक्रोशीतल्या माणसाला इनामगाव ठाऊक नाही असे होणार नाही. तेथे घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केले. डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर, डॉ. अन्सारी ही मंडळी त्यात होती. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात तेथे शेतकऱ्यांची वस्ती नांदत होती. त्या लोकांची एक चाल मन हेलावून टाकणारी आहे. लहान मूल दगावले की दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यांत त्याला ठेवत आणि घराच्या जमिनीखालीच पुरत. मेलेले लेकरूसुद्धा त्यांना घराबाहेर ठेवावेसे वाटले नाही.

त्या मुलांचे दात आज अभ्यासकांपाशी आहेत. पुण्याचे डॉ. वाळिंबे आणि अमेरिकेतील डॉ. लुकाच यांनी ते तपासले. काही दुधाच्या सुळ्यांवर त्यांना बारीक खळगे आढळले. दाताचे कवच तयार होत असताना मुलावर काही ताण पडला, त्याचे पोषण कमी पडले, तर अशी खूण उमटते आणि ती कधीही बुजत नाही. म्हणजे त्या मुलांच्या आयुष्यातल्या पहिल्या काही महिन्यांचे हाल त्यांच्या दातांनी तीन हजार वर्षे जपून ठेवले. दात विसरत नाहीत. मला आज सांगायचे आहे ते एवढेच की, मूलही विसरत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझी स्वतःची हकीकत ऐका. मी भीमेच्या काठच्याच एका खेड्यात वाढलो. सहा वर्षांचा असताना माझी दाढ ठणकू लागली. लवंग झाली, हळद झाली, देवाचा अंगारा झाला. एके दिवशी वडील म्हणाले, "चल, तुला दौंडला आगगाडी दाखवतो." आमच्या लेखी दौंडचे जंक्शन म्हणजे जगातले आठवे आश्चर्य. मी दाढेचे दुखणे विसरून नाचत निघालो. आईने नवा सदरा घातला. दौंडला उतरल्यावर आम्ही स्टेशनाकडे न जाता एका गल्लीत वळलो. पुढचे मला तुकड्यातुकड्यांनी आठवते. लाकडी खुर्ची, दोन्ही हात धरणारा एक आडदांड गडी, आणि दारापाशी तोंड फिरवून उभे असलेले वडील. दाढ निघाली. परतताना वडिलांनी खरोखरच मला स्टेशनावर नेले. वाफेचे इंजिन धूर सोडत समोरून गेले. मी मान वर केली नाही.

वडिलांना मी दोष देत नाही. त्यांच्याजवळ दुसरा उपाय नव्हता आणि मुलाचे दुखणे त्यांना पाहवत नव्हते. परंतु दुखरी दाढ त्या दिवशी गेली, आणि "चल, तुला दाखवतो" या त्यांच्या शब्दावरचा माझा विश्वासही त्याबरोबर गेला. पुढे कित्येक महिने ते कुठेही चल म्हणाले की मी आधी आईचे तोंड पाहत असे.

आता आपल्या मागच्या पिढ्यांना दातांच्या डॉक्टरची एवढी धास्ती का, हेही समजून घेतले पाहिजे. दंतवैद्यकाला शिस्त लावणारा कायदा आपल्या देशात १९४८ साली झाला. त्यापूर्वी ज्याच्या हाती पक्कड तो दात काढणारा, अशीच बहुतेक ठिकाणी स्थिती होती. आज आम्ही हिरडी बधिर करण्यासाठी जे औषध सर्रास वापरतो, ते लिग्नोकेन स्वीडनमधल्या लॉफग्रेन या रसायनशास्त्रज्ञाने १९४३ मध्ये तयार केले आणि १९४८ पासून ते वापरात आले. खेड्यापाड्यांत पोहोचायला त्याला आणखी बराच काळ लागला. तेव्हा आजोबांची भीती खोटी नव्हती. ती त्यांच्या अनुभवाची होती. पक्कड बदलली, औषध आले, यंत्रे आली. भीती मात्र आपण जमिनीच्या उताऱ्यासारखी वारसाने पुढच्याच्या नावावर चढवत आलो आहोत.

आणि ती कोणत्या शब्दांनी चढवतो? "जेवला नाहीस तर डॉक्टरकाका सुई टोचतील." "गप बस, नाहीतर दात काढायला नेईन." जे मूल अजून दवाखान्याची पायरीही चढलेले नाही, त्याच्या मनात आपण डॉक्टरला बागुलबुवा करून ठेवतो. मग एके दिवशी त्याच बागुलबुवापुढे त्याला बसवतो आणि म्हणतो, "आ कर, भिऊ नकोस." कसे व्हावे? माझी पहिली विनंती ही की, डॉक्टरचे नाव धाक घालण्यासाठी घरात कोणी घेऊ नये. आजीनेही घेऊ नये. आजीला वेगळे सांगावे लागते, कारण नातवंडांच्या बाबतीत तिच्यावर कोणाचा हुकूम चालत नाही.

येथे कोणी वडीलधारे म्हणतील, "अहो डॉक्टर, दुधाचे दात ते. आज ना उद्या पडणार, आणि पोरे ते कौलावर फेकणार. त्यांच्यासाठी एवढा खटाटोप कशाला?" हा प्रश्न मला आठवड्यातून चार वेळा तरी ऐकावा लागतो. उत्तर सोपे आहे. दुधाचे दात वीस. पहिला साधारण सहाव्या महिन्यात येतो आणि अडीचतीन वर्षांत सगळे येतात. पुढचे सहासात वर्षांचे असताना पडू लागतात हे खरे. पण दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत मुलाला वापरायच्या असतात. तीन वर्षांचे मूल किडक्या दाढेवर आणखी सातआठ वर्षे कसे काढील? ते एका बाजूने चावते, मग चावतच नाही, रात्री रडत उठते, आणि आपण म्हणतो पोर हट्टी झाले. शिवाय दुधाची दाढ खालच्या कायमच्या दाताची जागा राखून ठेवते. ती अवेळी गेली की शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि खालचा दात वाकडा येतो. बांधावरचा दगड हलला की काय होते, ते शेतकऱ्याला मी सांगायला नको.

दुसरी एक गोष्ट लक्षात ठेवा. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. ती कोणताही दात न पडता गुपचूप येते, म्हणून आईबाप तिलाही दुधाचीच समजतात. ती कायमची असते. तिची दुसरी आवृत्ती निघत नाही.

मग मुलाला न्यावे कधी? मुलांच्या दातांचे तज्ज्ञ सांगतात, पहिला दात आला की, आणि उशिरात उशिरा पहिल्या वाढदिवसापर्यंत. हे ऐकून माणसे हसतात. दोन दातांचे काय पाहणार? दात थोडे आणि आईलाच अधिक पाहायचे असते. दूध पाजताना साखर घालता का, बाटली तोंडात ठेवून झोपवता का, हे विचारायचे असते. आपला मुलूख उसाचा. गुऱ्हाळाला गेलेले पोर काकवीने माखून घरी येते, त्यात काही वावगे नाही. पण गोड दुधाची बाटली रात्रभर तोंडात राहिली, तर वरचे पुढचे दात वर्षा-दीडवर्षातच काळे पडून झिजतात. पहिल्या भेटीचा दुसरा आणि माझ्या मते मोठा हेतू असा की, तोंडात काहीही दुखत नसताना मुलाने डॉक्टर पाहावा. ठणका लागल्यावर झालेली ओळख ही ओळख नव्हे. ती झटापट असते.

आता तयारीकडे वळू. तिला पैसा लागत नाही. पहिली तयारी रोज रात्री घरी करायची. मुलाला मांडीवर आडवे घ्यावे, डोके आपल्या गुडघ्याकडे, आणि मऊ ब्रशने दात घासावेत. तीन वर्षांच्या आत फ्लोराइडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. ज्या घरात मशेरी लावतात त्यांना हात जोडून सांगतो, ती तंबाखू आहे. लेकराच्या हिरडीला तिचे बोटही लागू देऊ नका. घासून झाले की बॅटरीच्या उजेडात दात मोजावेत, मोठ्याने, गाण्यासारखे. ज्या मुलाचे दात घरी रोज कोणी मोजते, त्याला माझ्या खुर्चीत नवीन काय उरले? उजेड ओळखीचा, आडवे होणे ओळखीचे, मोजणे ओळखीचे. फक्त माणूस नवा.

दुसरी तयारी खेळातली. मुले भातुकली खेळतात तसे दवाखाना दवाखाना खेळावे. चमच्याचा आरसा करावा, बाहुलीचे दात पाहावेत, मग मुलाला डॉक्टर करून आपण आ करावा. पण त्या खेळात सुई आणि पक्कड आणू नये.

तिसरी तयारी शब्दांची, आणि येथेच बहुतेकांचे चुकते. आदल्या दिवशी मुलाला साधे खरे सांगावे, "उद्या आपण दातांच्या डॉक्टरकडे जाऊ. ते दात मोजतील आणि आरशाने बघतील." आठ दिवस आधी सांगू नये, लहान मुलाला आठ दिवस काळजी वाहायला लावण्यात अर्थ नाही. फसवून तर मुळीच नेऊ नये. "भिऊ नकोस" म्हणू नये, कारण मूल त्यातले "भिऊ" तेवढेच उचलते. "रडला नाहीस तर चॉकलेट देईन" असेही आधी कबूल करू नये. मुले हिशेबी असतात. ज्या कामाला आगाऊ मजुरी मिळते ते काम अवघड असणार, एवढे त्यांना कळते. परतल्यावर मात्र जरूर शाबासकी द्यावी, आणि ती नेमकी द्यावी: "तू किती छान आ केलास!"

चौथी तयारी बरोबर कोणी जायचे याची. जीपभर माणसे येतात. आजी पदराने डोळे पुसते, काका दम भरतो, मामा मोबाइल दाखवतो, आणि मधे ते पोर कावरेबावरे. एकाने यावे, आणि ज्याला स्वतःला दातांच्या डॉक्टरची भीती वाटत नाही अशाने यावे. सकाळची वेळ घ्यावी. पोट भरलेले असावे, झोप झालेली असावी. मोठ्या भावंडाची तपासणी असेल तर धाकट्याला बरोबर आणावे. बंडुरा नावाच्या मानसशास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. कुत्र्याला भिणाऱ्या मुलांना त्यांनी काही दिवस, त्यांच्यासारखेच एक मूल कुत्र्याशी निर्भयपणे खेळताना दाखवले. पुष्कळ मुलांची भीती त्यामुळे कमी झाली. ताईला खुर्चीत हसताना पाहिलेल्या धाकट्याला माझ्या व्याख्यानाची गरज पडत नाही.

दवाखान्यात गेल्यावर आपण गप्प बसावे आणि डॉक्टरला बोलू द्यावे. तिघे एकदम सूचना देऊ लागले की मूल कोणाचेच ऐकत नाही. आमच्या शास्त्रात ॲडलस्टन यांनी १९५९ साली मांडलेली एक पद्धत अजून चालते: आधी सांगा, मग दाखवा, मग करा. वारा सोडणारी नळी आधी मुलाच्या हातावर सोडायची, मग दातावर. तीन वर्षांच्या आतले मूल रडले तर शरमू नका. ते रडणारच, आणि रडताना ते तोंड इतके छान उघडते की माझे काम होऊन जाते.

आता एक आक्षेप राहिला. "आमच्या आईबापांनी आम्हाला असे लाडावले नाही, भीती मोडायला छडीच लागते." दाखलाही देतात श्यामच्या आईचा. पोहायला न जाणाऱ्या श्यामला तिने शिंपटीने फोडून काढले, हे महाराष्ट्रातल्या घराघरात ठाऊक आहे. पण ती गोष्ट नीट आठवा. आईने श्यामला जत्रेला नेतो म्हणून विहिरीवर नेले नाही. कोठे जायचे, का जायचे, हे तिने स्पष्ट सांगितले होते. आणि नंतर जवळ घेऊन त्याची समजूतही काढली होती. आपण शिंपटी तेवढी लक्षात ठेवतो आणि तो खरेपणा विसरतो. मारण्याचे समर्थन मी करणार नाही. पण श्यामचा आईवरचा विश्वास टिकला तो त्या खरेपणामुळे, हे मी ठामपणे म्हणेन.

तुम्ही म्हणाल, हे डॉक्टर आईबापांनाच बोल लावतात. तसे नाही. शेवटी माझी स्वतःची चूक सांगतो. दवाखाना नवा होता तेव्हाची, पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. पाच वर्षांची एक मुलगी सुजलेल्या गालाने आली. बाहेर गर्दी होती, मला घाई होती. मी म्हणालो, "काही दुखणार नाही हं बाळ," आणि इंजेक्शन दिले. सुजलेल्या जागी ते दुखले. तिने माझ्याकडे पाहिले. ती रडली नाही, नुसती पाहत राहिली. ती नजर माझ्या ओळखीची होती. दौंडच्या त्या खुर्चीतून मी वडिलांकडे असाच पाहिले होते. पण मी काम उरकले आणि पुढच्या रोग्याला हाक मारली.

दोन वर्षांपूर्वी एक बाई चार वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. मुलगा आत येईना, आणि बाईही उंबऱ्याबाहेरच. शेवटी म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही म्हणाला होता दुखणार नाही." मला नाव आठवले नाही; नजर आठवली. मी उठून बाहेर गेलो आणि त्यांची माफी मागितली. मुलासमोर मागितली. "मी तुझ्या आईशी खोटे बोललो होतो, तुझ्याशी बोलणार नाही," एवढेच त्याला सांगितले.

त्या दिवशी मी कोणाचेच दात पाहिले नाहीत. खुर्ची वरखाली करून दाखवली, आरशाने त्याची बोटे मोजली. दुसऱ्या खेपेला आई स्वतः खुर्चीत बसली. तिचे हात थरथरत होते, पण तिने आ केला आणि मुलाने तिचे दात मोजले. मग तिच्या मांडीवर बसून त्याने आपले मोजू दिले. तिसऱ्या खेपेला दाढ भरायची होती. मी म्हणालो, "आधी चिमटा घेतल्यासारखे होईल, मग ही दाढ झोपेल. तू हात वर केलास की मी थांबेन." त्याने तीन वेळा हात वर केला. तीनही वेळा मी थांबलो. चौथ्यांदा त्याने हात वर केला नाही. मी खरेच थांबतो की नाही, एवढेच त्याला पाहायचे होते.

बंधुभगिनींनो, "दुखणार नाही" हे वचन देण्याचा अधिकार कोणालाच नाही. मला नाही, तुम्हालाही नाही. "दुखले तर सांग, मी आहे" हे वचन मात्र आपण देऊ शकतो, आणि पाळूही शकतो. दूर जायला जमत नसेल त्यांनी अंगणवाडीच्या तपासणीपासून सुरुवात करावी. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांची एकदा तपासणी होते, आणि तीत दातही पाहतात. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. आदल्या रात्री त्याला सांगा, उद्या काय होणार आहे ते. आणि खरे सांगा.

इनामगावच्या त्या आईबापांना लेकराच्या दातावर उमटलेली खूण टाळता आली नसेल. दुष्काळ त्यांच्या हाती नव्हता. मुलाच्या मनावर काय उमटते ते पुष्कळसे आपल्या हाती आहे. माझ्या वडिलांनी शेवटच्या आजारात एकदा मला विचारले, "दौंडचे आठवते का रे?" मी म्हणालो, "आगगाडी आठवते." तेही पूर्ण खरे नव्हते. एवढे एक खोटे मी बोललो, त्याची क्षमा असावी.